न संपलेली सभा

"घंटा कुठाय?" अध्यक्षबाईंनी विचारलं, तेव्हा खेळणीघरात घोट्यापर्यंत पाणी होतं.

छतातला पाइप फुटला तो नेमका ठराव मताला टाकताना. 'मुलांना सांभाळायच्या पाळीला कुणी येत नाही, खेळणीघर बंद करावं,' असं चिटणीसकाकांनीच मांडलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. हात वर व्हायच्या आत वरून धार लागली आणि सगळे अंगणात पळाले. पाणी बंद करून परत येतात, तर टेबलावरची पितळी घंटा गायब.

नियम जुना आणि कडक. घंटेशिवाय सभा सुरू होत नाही, संपत नाही, थांबलेली पुन्हा भरत नाही. आणि सभा अर्धवट असेपर्यंत खेळणीघराला कुलूप लावायचं नाही.

"ताट वाजवा की," खजिनदार म्हणाला.

"नियमात ताट नाही." अध्यक्षबाईंची नजर दाराशी उभ्या तरुण आईकडे वळली. "शेवटी बाहेर कोण आलं? तूच ना?"

तिने खांद्यावरचं तान्हं घट्ट धरलं. नवरा कामाला दूरगावी. दिवसभरात मोठ्या माणसाचा आवाज ऐकायचा तर ही एवढीच जागा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता चोर ठरली तर जागाही गेली आणि माणसंही.

"पळताना घंटा वाजलेली ऐकलीत?" तिने खजिनदाराला विचारलं.

"नाही बुवा."

"तुम्ही?"

"मीही नाही," अध्यक्षबाई म्हणाल्या. "माझ्या दोन्ही हातांत कागद होते. पण त्याचं काय?"

ती आठवू लागली. सभेच्या सुरुवातीला घंटा वाजताच बाळाने टाहो फोडला होता. पळापळीत मात्र ते तिच्या खांद्यावर ढाराढूर झोपलेलं. आणि अंगणात पोरं कशाला खिदळत होती? काकांच्या ओल्या टकलाला. उन्हाळ्यातही पंखा बाधतो म्हणून लोकरीची कानटोपी न काढणारे काका!

बाकीचे पुन्हा अंगणात गेले. काका आत एकटेच पाणी लोटत होते. ती त्यांच्याजवळ गेली.

"काका, घंटा उचलली की वाजते. वाजली असती तर हा उठला असता. कुणीतरी ती लोकरीत गुंडाळली. तुमची टोपी कुठाय?"

काकांचा खराटा थांबला. मग त्यांनी खुंटीवरची पिशवी काढून तिच्यापुढे धरली. आत टोपी, टोपीत घंटा.

"पण ठराव तर तुमचाच होता!"

"वाटलं होतं, कुणीतरी नको म्हणेल." ते ओल्या बाकावर टेकले. "सगळ्यांनी माना डोलावल्या. तुझी काकू गेल्यापासून घरी मी फक्त टीव्हीशी बोलतो, पोरी. आणि तो आपलंच रेटत असतो."

तिला हसू आलं. "तुम्ही घेतलीत, पण बोट माझ्याकडे दाखवतायत."

"तिथे माझी बोलायची हिंमत झाली नाही गं. चुकलंच."

काका उठले, अंगणात गेले. "घंटा मी घेतली. या पोरीचा काही संबंध नाही."

अध्यक्षबाईंनी घंटा हातात घेऊन अंगणातच सभा पुन्हा भरवली.

"ठरावाला विरोध?"

तिने हात वर केला. शेजारी काकांचाही गेला.

"अहो, तुम्हीच मांडलाय!"

"मांडणाऱ्याने विरोध करू नये, असं कुठल्या नियमात आहे?"

अध्यक्षबाई हातातले कागद चाळू लागल्या. बाकीचे जमिनीकडे बघत होते.

"सोमवारची पाळी कुणाची असते हो?" खजिनदाराने हळूच विचारलं.

"तुमचीच," काका म्हणाले.

खजिनदाराने कान खाजवला आणि तोच हात वर नेला.