उत्तरेकडचं डोकं

बंगळुरूजवळच्या येलहंक्याच्या घरात देवाप्पांचा श्वास ऑक्सिजनच्या मशीनवर चालत होता, आणि मशीन कस्तुराबाईंच्या हुकमावर. नर्स नको, मुलं नकोत, कोणी नको. "माझा माणूस मी सांभाळीन," असं त्यांनी साऱ्या गल्लीला ठणकावून सांगितलं होतं.

अडचण एकच. खोलीतलं एकुलतं सॉकेट उत्तरेच्या भिंतीला, तेही लोखंडी कपाटामागे. पलंगाची उशी दक्षिणेला. म्हणून बाईंनी एक्स्टेंशनची वायर चटईखालून उशापर्यंत आणली होती. मशीन त्या एक्स्टेंशनवर, आणि नवऱ्याला वाफ द्यायची किटलीही त्यावरच.

वायरमन गुरुप्रसाद बघून हादरला. "अक्का, चटईखाली वायर तापते. कपाट सरकवा, पलंग फिरवा, मशीन थेट भिंतीत लावा."

"उत्तरेला डोकं मढ्याचं करतात! माझा माणूस जिता आहे. सरी, कळलं. नीघ तू."

दिवेलागणीला किटली लावून त्या कोपऱ्यावर दूध आणायला गेल्या. परतल्या, तर जिन्यातच वास आला... जळक्या प्लॅस्टिकचा. पिशवी तिथंच टाकून त्या धावल्या.

खोलीत अंधारून आलेलं. धूर अजून छताशी रेंगाळत होता. चटईवर काळी रेघ, अर्ध्यातच विझलेली. किटलीचा प्लग उपटून फेकलेला. आणि मशीन? ते आपलं गुरगुरत होतं. कपाट बाजूला, पलंग पार फिरलेला, मशीनचा प्लग थेट भिंतीत. देवाप्पा उत्तरेला डोकं करून पडले होते. छाती संथ वरखाली होत होती.

ते कपाट आत आणायला चार गडी लागले होते.

"हे... कोणी केलं?"

"कोणी म्हणजे? तूच की," देवाप्पा नळीआडून हसले. "एकटीनं ओढलंस. म्हटलं, बायको आहे का वाघीण!"

"अहो, मी आत्ता येतेय..."

देवाप्पांचं हसू मावळलं. "मग चहा ठेवते म्हणून आत गेली... ती कोण?"

स्वयंपाकघरात बांगड्या किणकिणल्या.

बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण मागं सरतील तर त्या कस्तुराबाई कसल्या! नवऱ्याची नळी नीट केली, पलंगाला पाठ लावून उभ्या राहिल्या आणि आतल्या अंधाराकडे बघत खणखणीत म्हणाल्या, "कोण असशील ती अस. माझा माणूस राखलास, उपकार झाले. पण त्यांच्या चहात साखर नको. डायबेटिस आहे."



मग आत, साखरेच्या डब्याचं झाकण कुणीतरी हळूच लावलं.