किन्हवली ते सरळगाव, तीस रुपये

कुणालीने एक पाय जीपमध्ये ठेवला आणि परत खाली घेतला. तिसऱ्यांदा.

"मॅडम," ड्रायव्हर आरशातून बघत म्हणाला, "चढताय का उतरताय? का नुसता व्यायाम चाललाय?"

मागच्या बाकावरची माणसं हसली. किन्हवली नाक्यावर श्रावणातली बारीक सर पडत होती. छत्रीच्या काडीवरून पाणी थेट तिच्या मानेवर ओघळत होतं आणि छातीत मुसळाचे घाव बसत होते. सात वर्षं ती जीपमध्ये बसली नव्हती. एसटी चालायची, रेल्वे चालायची. जीप मात्र समोर दिसली तरी ती रस्त्याच्या पलीकडच्या कडेने चालायची.

"सरळगावला जाते ना?"

"जाते. तीस रुपये. पण तुमी चढल्याशिवाय हलणार नाय. सातवी सीट तुमची."

"सात? बाकीचे तर चौदा भरतात."

"भरतात." त्याचं हसू जरासं उतरलं. "माझ्यात सातच."

त्या 'सातच'वर ती चढली. पुढच्या सीटवर बसली, वही मांडीवर घट्ट धरली आणि डोळे मिटले.

करणार काय, कामच तसं होतं. ठाण्यातली एक कंपनी परदेशी पर्यटकांसाठी वेबसाइटवर माहिती देत होती. भारत हा स्वस्त देश, असं सगळेच म्हणतात. पण इथे फिरायला नेमका खर्च किती येतो? मोठमोठ्या शहरांचं लिहिणारे पुष्कळ होते. संपादक मितेश सरांना गावाकडचा भाग हवा होता. लोकलने कसाऱ्याला उतरलेला पाहुणा भातसा धरणावर, म्हशाच्या जत्रेला किंवा माळशेजच्या धबधब्यांना कसा जाईल आणि किती पैसे मोजेल? अट एकच. भाडं स्वतः प्रवास करून लिहायचं, ऐकीव आकडा चालणार नाही. बीए होऊन दोन वर्षं घरी बसलेल्या कुणालीला मिळालेलं हे पहिलं काम. एसटीचे सगळे रस्ते तिने अकरा दिवसांत पालथे घातले आणि मग सरांचा फोन आला.

"तिकडे अर्धी माणसं शेअर जीपने फिरतात ना? मग जीपचा रकाना रिकामा का? आणि शेवटचा रकाना विसरू नकोस. सुरक्षित आहे का, हो किंवा नाही."

जीप सुरू झाली. कुणालीचा श्वास अडकला.

"आता डावं वळण," शेजारून हळू आवाज आला. "मग जरा खड्डा... हां, गेला. आता सरळ रस्ता, शाई नदीच्या पुलापर्यंत."

तिने डोळे किलकिले केले. तो समोरच बघत होता. सावळा, पंचविशीचा, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"कोणाला सांगताय?"

"गाडीला," तो म्हणाला. "तिला पण भ्या वाटतं."

त्याचं नाव सूरज. डोळखांबच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत त्याचं गाव. जीप स्वतःची, हप्ते अजून चालू. हे सगळं तिला हळूहळू कळत गेलं, कारण पहिल्या दिवसानंतर ती त्याचीच जीप धरायला लागली. किन्हवली–सरळगाव, सरळगाव–मुरबाड, मुरबाड–म्हसा. एका भाड्यासाठी एकच फेरी पुरेशी होती, हे तिलाही ठाऊक होतं आणि त्यालाही.

"आज कुठलं भाडं लिहायचं?" तो विचारायचा.

"कालचंच. नीट तपासून घ्यावं म्हटलं."

"मग बरोबर. आकडा बदलतो ना रोज!" तो गंभीर चेहऱ्याने म्हणायचा. "परदेशी पाहुण्यांना तीस. गावच्या माणसाला तीस. वहीवाल्या मॅडमला..."

"वहीवाल्या मॅडमला?"

"त्यांना पण तीसच. पण दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसल्या तर दंड."

ती खिडकीकडे तोंड करून हसायची. बाहेर खाचरांतला भात लोंबीवर येऊ बघत होता आणि बांधावर तेरडा फुलला होता. हसता हसता समोरून ट्रक आला की मात्र तिचे हात बर्फ व्हायचे. सूरज गाडी कडेला घ्यायचा, ट्रक जाऊ द्यायचा, मागचे पॅसेंजर कटकट करायचे. एकदा तिच्याही नकळत तिने त्याच्या शर्टाची बाही मुठीत धरली. ट्रक गेला, तरी मूठ सुटली नाही. त्याने बाहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे... आणि पुढचे तीन मैल एकाच हाताने गाडी चालवली.

पण एक गोष्ट तिच्या मनात सलायला लागली. सरळगावहून उजवीकडे मुरबाड, डावीकडे माळशेज. सूरज डावीकडे कधीच वळायचा नाही. पावसाळ्यात सगळी पर्यटकांची गर्दी तिकडेच, पैसाही तिकडेच.

आणि तिची स्वतःची भीतीही तिकडेच होती. म्हणूनच एका सकाळी सगळे पॅसेंजर उतरल्यावर तिने मनाचा हिय्या केला.

"सूरज, मला माळशेजला ने. तेवढंच राहिलंय. दुसऱ्या कोणाबरोबर मला जमणार नाही."

त्याने इंजिन बंद केलं. काचेवरचं पाणी पुसणारे वायपर अर्ध्यावर थांबले.

"त्या बाजूला मी जात नाय, कुणाली."

"का?"

त्याने आरसा पुसला, परत नीट केला. नाक्यावरच्या वडापावच्या गाडीवरून तेलाचा वास येत होता. कुणालीला उगाचच वाटलं, हे विचारायला नको होतं... अजूनही विषय बदलावा.

"सात वर्षांमागं माळशेजच्या वाटेला, मोरोशीच्या पुढं जीप उलटली," तो म्हणाला. "चौदा माणसं होती. तुझा भाऊ दीपेश गेला त्यात."

"तुला कसं..."

"पहिल्या दिवशी तुझ्या वहीवर नाव वाचलं. कुणाली रामू विशे. तेव्हाच कळलं." त्याने चावी काढून मुठीत धरली. "ती जीप माझा बाप चालवत होता."

कुणालीला नाक्यावरचा सगळा गोंगाट लांब गेल्यासारखा वाटला.

"रोज ठरवायचो, आज सांगू. आणि रोज वाटायचं, आज सांगितलं तर उद्या ही येणार नाय. त्याचंच भ्या वाटायचं. बापाचा एक पाय निकामी झाला त्यात, गाडी चालवणं सुटलं. आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. शहापूरला ऑपरेशनची तारीख दोनदा मिळाली आणि दोनदा गेली, कारण तो कुठल्याच गाडीत बसत नाय. दारात गाडी उभी केली तरी घाम फुटतो त्याला."

ती दार उघडून उतरली. तो मागून हाका मारत राहिला, पण तिने वळून पाहिलं नाही. सरळगावहून घरापर्यंत ती एसटीने आली. सगळी वाट तिच्या कानात एकच वाक्य घुमत होतं, आणि ते सूरजचं नव्हतं. तिचं स्वतःचं होतं.

सात वर्षांपूर्वी दीपेशने घाटापलीकडच्या ओतूरहून फोन केला होता. एसटीला अजून तास आहे, म्हणाला. आणि ती हट्टाने म्हणाली होती, 'मग जीपने ये ना दादा, कधीची वाट बघतेय मी!' हे तिने आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. आईला नाही, बाबांना नाही.

आठ दिवस ती घराबाहेर पडली नाही. सूरजचा फोन आला नाही. आला असता तर उचलला असता का, हेही तिला कळेना. रागवावं म्हटलं तर राग येत नव्हता. भीती वाटत होती. तो दुसऱ्या कोणाला शेजारी बसवून वळणं सांगत असेल याची भीती. आणि घरी कळलं तर काय, याची त्याहून मोठी.

नवव्या दिवशी तिने डोळखांबची एसटी धरली. तिथून पुढे चिखलातून चालत वर गेली.

सूरजच्या घरापुढे जीप उभी होती, मागचं दार उघडं. सूरज जमिनीवर उकिडवा बसला होता आणि समोर खाटेवर एक वाळलेला म्हातारा काठी धरून थरथरत होता. सूरजचा बाप, वाळू. आज ऑपरेशनची तिसरी तारीख होती.

"कोण आलंय रे?" वाळूने धुरकट डोळे वर केले.

सूरज उठून उभा राहिला. मग तीच खाटेजवळ गेली.

"मी कुणाली. रामू विशेंची पोर. दीपेशची बहीण."

म्हाताऱ्याच्या हातातली काठी गळून पडली. तो उठायला गेला, पण एक पाय साथ देईना. तिने त्याला धरून खाली बसवलं.

"वर्षश्राद्धाला आलेलो गो पोरी, तुमच्या दारात," तो म्हणाला. "तुझ्या बापानं आत नाय घेतला. बरोबर केलं त्यानं. तेरा भरलेले माझ्याकडं. जागा नव्हती. तुझा भाऊ खिडकीशी आला, बोलला, 'घ्या ना बाबा, बहीण वाट बघते घरी.' आणि मी नाय बोलायचं सोडून... सरका रे, बोललो."

कुणाली खाटेच्या कडेवर बसली.

"मीच सांगितलं होतं त्याला," ती म्हणाली. "जीपने ये म्हणून. मीच."

वाळूने चाचपडत तिचा हात शोधला. दोघंही रडले. बाजूला उभ्या सूरजने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

"बाबा," थोड्या वेळाने ती म्हणाली, "मला पण जीपची भीती वाटते. खूप वाटते. तुम्ही माझ्या शेजारी बसाल का?"

शहापूरपर्यंत दोन तास लागले. मागच्या बाकावर वाळूने तिचा हात असा काही धरला होता की बोटं बधिर झाली. उताराला तो देवाचं नाव घ्यायचा आणि तीही घ्यायची. सूरजने एकदाही गाडी तिसाच्या वर नेली नाही. तो आरशातून दोघांना बघत राहिला.

ऑपरेशन नीट झालं. त्याच आठवड्यात तिने मितेश सरांना सगळे रकाने भरून पाठवले. माळशेजच्या जीपचं भाडं मात्र आकड्याविना राहिलं. तिथे तिने फक्त एसटीचं लिहिलं. सुरक्षित आहे का, याच्यापुढे हो-नाही लिहिलं नाही. लिहिलं, 'ड्रायव्हर सातच माणसं घेत असेल तर बसा. जास्त घेत असेल तर पुढच्या गाडीची वाट बघा. घरी कोणी वाट बघत असेल, तर त्यांना उशीर होईल असं कळवा.'

"अगं, हे परदेशी पर्यटकांसाठी आहे," सर फोनवर म्हणाले.

"त्यांनाही घर असतंच की, सर."

सर म्हणाले, "राहू दे तसंच."

आता एकच राहिलं होतं. सगळ्यात अवघड.

"उद्या घरी ये," तिने सूरजला सांगितलं. "तू कोणाचा, ते तूच सांग. मी शेजारी उभी राहीन."

"तुझा बाप कोयता घेऊन धावला तर?"

"तर दोघं पळू."

"कुठं?"

"तुझी जीप आहे ना. तीस रुपये देईन."

हसले दोघंही, पण दुसऱ्या दिवशी अंगणात उतरताना सूरजच्या कपाळावर घाम होता. रामू विशे ओटीवर सुंभ वळत बसले होते. आई, ताराबाई, दारात आली आणि कुणालीचा चेहरा बघून तिथेच थबकली.

"मी सूरज," तो म्हणाला. "वाळूचा पोर."

सुंभ वळणारे हात थांबले. कुणाली एक पाऊल पुढे झाली. ती बोलायला लागली. ओतूरहून आलेला फोन, आपण केलेला हट्ट, डोळखांबची वाट, दवाखाना. सात वर्षं गिळलेलं सगळं तिने एका दमात सांगून टाकलं. ताराबाईंनी पदर तोंडाला लावला. रामूभाऊ मान खाली घालून बसले.

"आणि हे तू एकटीनं सोसलंस?" शेवटी ते लेकीला म्हणाले. "येडी हायेस का गो?" मग सूरजकडे न बघताच विचारलं, "डोळा उघडला का त्याचा?"

"परवा पट्टी काढली. दिसतंय."

"मग त्याला आण. तुझ्याशी काय बोलू मी? माझं बोलणं त्याच्याशी राहिलंय."

ते कसलं बोलणं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. सूरजने मान डोलावली.

"आणतो."

"मी पण जाते, बाबा," कुणाली म्हणाली. "ते एकटे गाडीत बसत नाहीत."

रामूभाऊंनी पहिल्यांदाच वर पाहिलं. आधी तिच्याकडे, मग त्याच्याकडे, मग दोघांमधल्या वीतभर अंतराकडे.

"जेवायच्या टायमापर्यंत या," ते म्हणाले. "पाच जणांना पुरेल एवढा भात नाय शिजत आमच्यात. ऐकलंस गो, जरा जास्तीचा टाक."

जीपमध्ये बसल्यावर सूरजने चावी लावली, पण फिरवेना.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काय बोलतील गो ते बापाला?"

"मला नाही माहीत. मला पण भीती वाटतेय." पागोळ्यांचं पाणी बॉनेटवर टपटपत होतं. "आणि त्या भीतीतच एक सांगून टाकते, नंतर धीर होणार नाही... मला आवडतोस तू. खूप."

सूरजने डोळे पुसले, नाक ओढलं आणि नुसताच हसायला लागला. मग तिने त्याच्या हातावर हात ठेवला, आणि चावी दोघांनी मिळून फिरवली.