धाकटीच्या गालावरचा रंग

सिनेमाला रंग चढवणं हा थोरलीचा व्यवसाय. कॅमेऱ्यातून येतो तो सिनेमा सुकलेल्या भाजीसारखा फिका असतो; त्यात जीव ओतायची ती. प्रेमकथेला उन्हाची सोनेरी झाक, विनोदी सिनेमाला सगळं लख्ख, आणि भुताचा असला की चेहऱ्यातला लाल काढून घ्यायचा, सावल्यांत हिरवं सोडायचं. तिच्या दृष्टीने हा हातचा मळ होता.

खोड एकच. कुठलाही रंग सिनेमावर लावण्याआधी ती तो संगणकातल्या धाकट्या बहिणीच्या फोटोवर लावून बघायची. त्या गालावर शोभला तर कुठल्याही नटीला शोभतो, असा तिचा हिशेब. धाकटीला विचारायचं कधी सुचलंच नाही. घरच्या माणसाला काय विचारायचं?

भुताच्या सिनेमाचं काम हाती आलं आणि धाकटीची भूक गेली. मग चेहरा उतरला, ओठ पांढरे पडले. डॉक्टर म्हणाले, रक्त अगदी उत्तम आहे.

"ताई, तुझ्या सिनेमात घे ना मला," धाकटी हसून म्हणाली. "मेकअपचा खर्च वाचेल."

थोरलीने दिव्याखाली बहिणीकडे नीट पाहिलं. हा रंग तिने त्याच दुपारी ठरवला होता. डोळ्यांखालची राखाडी छटासुद्धा तिचीच.

योगायोग, असं तिने मनाला बजावलं. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शक म्हणाला, "अजून थोडं रक्त काढा. नटी फार जिवंत वाटतेय."

नाही म्हणायला हवं होतं. निदान फोटो तरी बाजूला ठेवायचा. पण त्याच्यावर बघितल्याशिवाय तिचा हातच चालेना, आणि सिनेमा शनिवारी द्यायचा होता. तिने काढलं.

संध्याकाळी आईचा फोन आला. "अगं, ही उठेना. हाक मारली की डोळे तेवढे उघडते."

थोरलीचं मन तिला खाऊ लागलं. तिने फोटो समोर घेतला. मूळ फोटो तिने कधी जपलाच नव्हता. रंगावर रंग चढत गेले होते. आता बहिणीचा खरा रंग आठवेना. जिला कडेवर घेऊन वाढवलं, तिचा! तिला स्वतःची किळस आली. रडत रडत तिने प्रेमकथेचं सोनं गालांवर, ओठांवर, कपाळावर चढवलं. चेहरा उजळला. पुन्हा हात लावायचा मोह नको म्हणून तिने फोटो कायमचा पुसून टाकला आणि घर गाठलं.

"उठून बसली बघ!" दार उघडताच आई म्हणाली. "खायला मागतेय!"

धाकटी पलंगावर बसली होती, गाल गुलाबी, सोनेरी. थोरलीने तिला घट्ट मिठी मारली.

"चुकलं गं माझं."

"तुझं काय चुकलं?"

टेबलावर दिवा होता. धाकटीची सावली भिंतीवर पडली होती.

हिरवी.

थोरलीने चेहरा उजळला होता. सावल्या तशाच राहिल्या होत्या.

आई ताट घेऊन पुढे आली. सावली तिच्या हातावर आली आणि हात राखाडी झाला. धाकटी मागे सरकली, तशी सावलीही सरकली.

आईचा हात मनगटापर्यंत राखाडीच राहिला.

"गार पडलाय गं हात," आई म्हणाली, आणि त्याच हाताने तिने धाकटीला घास भरवला.