एवढं पान होऊ द्या

काय रे, दुकानात उभ्याउभ्या, विकत न घेता, अख्खं पुस्तक वाचून काढलंय का कधी कुणी?

हसता काय? आमच्या वेळी वाचायचे लोक. तुम्ही जाता, मुखपृष्ठाचा फोटो काढता आणि घरी येऊन फोनवर वाचता. म्हणून तर बाजारातलं ते तीन मजली पुस्तकांचं दुकान बंद पडलं.

माझा भाचा वायरमन आहे. ही गोष्ट त्याची. गेल्या फेब्रुवारीतला शेवटचा शनिवार, रात्रीचे साडेदहा. दुसऱ्या दिवशी दुकानातली कपाटं हलवायची होती. मालकांनी त्याला सांगितलं होतं, "घरी जाता जाता मेन स्विच तेवढा बंद कर." भाच्याच्या पोरीला दमा. तिचा पंप संपला होता, नवा घेऊन त्यानं खिशात टाकला होता. दोन मिनिटांचं काम, म्हणून तो शटर अर्धं उचलून आत शिरला.

त्या दुकानाची एक रीत होती. दिवे घालवण्याआधी मालक मोठ्यानं सांगायचे, "बंद करतोय हो!" मग उभे वाचणारे हातातलं पान संपवून पुस्तक जागेवर ठेवायचे. भाच्याला हे ठाऊक होतं. पण रिकाम्या दुकानात सांगायचं कुणाला? त्यानं खटका खाली ओढला.

अंधार झाला. मागून कुणीतरी अगदी सभ्यपणे म्हणालं, "थांबा. एवढं पान होऊ द्या."

"चोर असेल, आजोबा!"

पुस्तकं चोरायला चोर येतो होय रे? तुला फुकट दिली तरी नेणार नाहीस तू!

भाच्यालाही आधी चोरच वाटला. त्यानं खटका वर केला. दिवे आले नाहीत. तो शटरकडे धावला. अर्धं उघडं ठेवलेलं शटर जमिनीला टेकलं होतं. दोन्ही हातांनी जोर लावला. हललं नाही. त्यानं फोनचा टॉर्च लावला.

काउंटरवर एक पुस्तक उघडं होतं.

पान उलटलं. वारा नव्हता.

त्यानं उजेड शटरकडे वळवला.

"उजेड हलवू नका."

तेवढ्यात फोन वाजला. बायको. "अहो, कुठे आहात? तिला श्वास घेता येत नाहीये..."

"आलोच..." कॉल कापून तो अंधाराकडे बघत म्हणाला,

"माझी पोर आहे हो घरी... जाऊ द्या मला."



पान उलटलं.

पुन्हा एक.

पुस्तक जाडजूड होतं...

आणि मग त्याच्या लक्षात आलं. त्याला कुणी धरलंच नव्हतं. धरून ठेवला होता तो उजेड.

त्यानं फोन काउंटरवर ठेवला. टॉर्च पुस्तकाकडे. हात काढला.

"हा इथे ठेवला," तो म्हणाला. "वाचा सावकाश."

मागे सरकला. एक पाऊल... अजून एक... पाठ शटरला लागली. वाकून उचललं. कागदासारखं वर गेलं. तो बाहेर पडला, आणि त्याच्यामागे ते आपसूक खाली आलं.

धापा टाकत त्यानं घर गाठलं. पंप पोरीच्या तोंडाला लावला. हळूहळू तिचा श्वास जागेवर आला.

सकाळी मालकांनी आणि त्यानं मिळून शटर उघडलं. फोन काउंटरवरच होता, बॅटरी संपलेली. काउंटरभोवती लादीवरच्या धुळीत अनवाणी पावलं उमटली होती. लहान, मोठी, दाटीवाटीनं, सगळ्यांची बोटं फोनकडे. त्यांतलं एकही पाऊल दाराकडे गेलेलं नव्हतं.