सहा इंचांचा फरक

ज्याला हे खोटं वाटेल त्यानं खुशाल इथेच थांबावं. माझी काही हरकत नाही.

पण हे घडलंय. जानेवारी २०२२ मध्ये, अमेरिकेत, मिशिगनच्या अगदी उत्तरेला, आमच्या गावच्या तळ्याकाठी. आणि ही काळोख्या रात्रीची गोष्ट नाही. जे झालं ते सकाळी आणि भर दुपारी झालं. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

व्हर्न सालमेला माझ्या नवऱ्याचा मावसभाऊ. वय पंचावन्न, धंदा जुन्या गाड्या दुरुस्त करायचा. माणूस इतका रुक्ष की त्याला साधी थाप मारता येत नाही. मासा बारा इंचांचा असेल तर बाराच सांगतो. आमच्या तळ्यावर असं दुसरं कुणी करत नाही.

एकच गोष्ट त्याच्या मनात छत्तीस वर्षं रुतून बसली होती.

आपण आपल्या धाकट्या भावाला मारलं.

टॉड चौदा वर्षांचा होता. त्याच्याकडे एक छोटी जुनी तीनचाकी होती. पुढे एक चाक, मागे दोन, फुग्यासारखे टायर. मुलांनी बर्फात नि वाळूत पळवायची गाडी. इंजिन सत्तर सीसीचं. व्हर्न तेव्हा एकोणीसचा. त्यानं ते इंजिन काढलं आणि एकशेदहाचं बसवलं. एवढ्या ताकदीला गाडी वळणावर उलटेल हे त्याला कळत होतं. म्हणून त्यानं शाळेच्या लेथवर दोन स्पेसर कातले. स्पेसर म्हणजे लोखंडाचे जाड ठोकळे, मागच्या दोन्ही चाकांच्या आतल्या बाजूला एकेक. प्रत्येक तीन इंचांचा. मागची बाजू सहा इंचांनी रुंद झाली, आणि गाडी जमिनीला चिकटून पळायला लागली.

१९८६ च्या फेब्रुवारीत, एका शनिवारी, बोटी उतरवायच्या उतारापाशी ती उलटली. टॉडची मान मोडली.

"पोराच्या गाडीत असलं इंजिन घातलं कुणी?" अंत्यविधीला सगळे हेच कुजबुजत होते.

त्याची आई, आमची लेम्पीमावशी, एक शब्द बोलली नाही. तुझी चूक होती असंही नाही, नव्हती असंही नाही. व्हर्नला तेव्हा मिलवॉकीला डिझेल इंजिनांच्या कारखान्यात नोकरी लागली होती. तो गेला नाही. आईच्या दारातला बर्फ उपसत, तिच्या अंगणातल्या सौनासाठी, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरासाठी, लाकडं फोडत इथेच राहिला. लग्न केलं नाही. त्यानं ती गाडीही पुन्हा कधी पाहिली नाही.

२०२२ च्या पहिल्या आठवड्यात गॉर्डी पेल्कीच्या कोठाराचं छप्पर बर्फाच्या भारानं खचलं. गॉर्डी म्हणजे व्हर्नचा लहानपणापासूनचा दोस्त. अपघातानंतर गाडी त्याच्याच वडिलांनी ओढून नेऊन कोठारात टाकली होती. आता गॉर्डीनं ती ट्रेलरवर घालून व्हर्नच्या गॅरेजपुढे आणली.

"मला नकोय ती," व्हर्न म्हणाला.

"मग राहू दे भंगारात. तुझ्याकडे भंगाराला जागा नाही असं म्हणू नकोस. तू स्वतःच पडलायस की तिथं."

व्हर्न हसला नाही. गाडी मात्र त्यानं आत घेतली.

जुनं सत्तरचं इंजिन त्यानं एका खोक्यात जपून ठेवलेलं होतं. त्याच्या डोक्यात आलं, गाडी आपण हात लावायच्या आधी होती तशी करायची. बस्स. एकशेदहाचं काढायचं, सत्तरचं बसवायचं, मग स्पेसर काढायचे. त्यामुळे टॉड परत येणार नव्हता, हे त्यालाही कळत होतं. तरी करायचं होतं.

पहिल्या दिवशी त्यानं एकशेदहाचं इंजिन उतरवलं. तेल काढलं. प्लग काढला. इंजिन टेबलावर ठेवलं, चेन भिंतीवरच्या खिळ्याला टांगली, दाराला कुलूप लावलं आणि घरी जाऊन जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तो कॉफी करत होता.

आणि...

फट्... फट्-फट्... फट्-फट्-फट्...

ज्या माणसानं एखादं इंजिन स्वतःच्या हातानं बसवलंय, त्याला त्याचा आवाज विसरता येत नाही. एकशेदहाचं होतं ते. तळ्याकडे उतरत गेलं.

आणि मध्येच तुटलं.

व्हर्न तसाच चपला घालून बाहेर पळाला. गॅरेजला कुलूप होतं. आत गाडी जागेवर, इंजिन टेबलावर, चेन खिळ्याला.

बाहेर मात्र रात्री चार इंच ताजा बर्फ पडला होता. त्या बर्फात, बंद दारापासून तळ्यापर्यंत...

तीन चाकोऱ्या.

पावलं कुठेच नव्हती. कुणी गाडी बाहेर ढकलली नव्हती, कुणी तिच्यावर चढलं नव्हतं. चाकोऱ्या बोटींच्या उतारापाशी वळल्या, तिथे डावीकडची खोल गेली, आणि पुढे सपाट बर्फ. परतीच्या खुणा नाहीत.

त्या दिवशी त्यानं गाडीला हात लावला नाही.

तिसऱ्या सकाळीही तेच. चौथ्या सकाळीही.

आता इथे दुसऱ्या कुणी पाद्र्याला बोलावलं असतं. व्हर्ननं मोजायची टेप आणली. त्याला दुसरं काही येतच नाही. बर्फात गुडघे टेकून त्यानं मागच्या दोन चाकांमधलं अंतर मोजलं.

मग आत जाऊन गाडीचं मोजलं.

मग पुन्हा बाहेर आला.

बर्फातल्या चाकोऱ्या सहा इंचांनी अरुंद होत्या.

जी कोणती गाडी त्या उतारावर जात होती, तिला स्पेसर नव्हते.

व्हर्न आत गेला आणि दिवा घेऊन मागच्या चाकांशी बसला. त्याची एक सवय आहे, लहानपणापासूनची. नट आवळून झाला की तो नटावरून स्पेसरवर पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढतो. नट नंतर कुणी हलवला तर रेघ तुटते. एवढ्या वर्षांची घाण त्यानं केरोसिनच्या फडक्यानं पुसून काढली.

आठ नट. आठही रेघा तुटलेल्या.

कुणीतरी त्याचे स्पेसर काढले होते, आणि पुन्हा लावले होते.

गॉर्डी पडक्या कोठारातले पत्रे ओढत होता. व्हर्न त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"स्पेसर कधी काढलेस?"

गॉर्डीनं 'कसले स्पेसर' असं विचारलंच नाही. त्यानं हातमोजे काढले आणि ट्रेलरवर बसला.

"शुक्रवारी संध्याकाळी," तो म्हणाला. "रविवारी बर्फावर शर्यत होती. माझ्या गाडीला लावून बघायचे होते. टॉडनंच दिले रे. म्हणाला, ने, पण व्हर्नला सांगू नकोस, तो उगाच ओरडेल. मी त्याला बजावलं होतं, तोपर्यंत चालवू नकोस म्हणून."

"चौदा वर्षांच्या पोराला."

"हो."

"आणि परत कधी लावलेस?"

"शनिवारीच, अपघातानंतर. बाबा गाडी घेऊन आले, मी कोठारात एकटाच होतो. मला काही सुचेना, व्हर्न."

"छत्तीस वर्षं दर शनिवारी माझ्याबरोबर सौनात बसलास तू. मी तुझ्यासमोर रडलोय. तू माझ्या पाठीवर हात फिरवायचास, लेका."

गॉर्डी रडत होता. पण पुढचं बोलला नसता तर बरं झालं असतं.

"मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "त्याच वर्षी, एप्रिलमध्ये. मला राहवेना. तुझ्या आईला जाऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, घरी जा आणि तोंड बंद ठेव."

साडेतीनच्या सुमारास व्हर्न आईकडे पोचला. लेम्पीमावशी चौऱ्याऐंशीची, कानांनी अधू. तिच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. तिनं दोघांना कॉफी ओतली आणि त्याच्यापुढे गोड पाव सरकवला.

"गॉर्डी एप्रिलमध्ये तुझ्याकडे आला होता?" तो मोठ्यानं म्हणाला.

"कोण म्हणालं?"

"तोच."

"मग मला कशाला विचारतोस?"

व्हर्न म्हणतो, तोवर त्याला आशा होती. वाटत होतं, आई म्हणेल गॉर्डी खोटारडा आहे.

"मला का नाही सांगितलंस, आई?"

तिनं पावाचा तुकडा कॉफीत बुडवला, खाल्ला, तोंड पुसलं.

"तुझी बॅग भरलेली होती," ती म्हणाली. "एक तळ्यानं नेला होता. दुसरा मिलवॉकीनं नेला असता. तुझा दोष नाही हे कळलं असतं तर तू दुसऱ्याच दिवशी बसमध्ये बसला असतास."

"मी रोज मरत होतो."

"पण इथे होतास ना."

हे ती शांतपणे बोलली. जणू त्याला जेवायला वाढत होती.

व्हर्नला ओरडायचं होतं.

आणि तेवढ्यात...

लेम्पीमावशीनं मान वळवली.

जिला दारावरची थाप ऐकू येत नाही, तिनं तळ्याच्या बाजूला मान वळवली.

फट्... फट्-फट्...

आवाज चढण चढत होता. हळूहळू. आजवर तो नेहमी खाली जायचा, आज वर येत होता. कुंपणापाशी आला. सौनाला वळसा घातला. स्वयंपाकघराच्या पायरीशी आला...

इंजिन बंद झालं.

मग काहीच नाही. खिडकीत ऊन होतं. बाहेर कुणीही दिसत नव्हतं.

लेम्पीमावशीनं टेबलाखालून व्हर्नचा हात पकडला. नखं रुतली त्याला.

"सांग त्याला," ती पुटपुटली, "मी घरी नाहीये."

व्हर्ननं हात सोडवून घेतला.

एवढंच तो सांगतो. दार उघडलंस का, असं मी विचारलं, तर त्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं. हे सगळं त्यानं आमच्या ओट्याशी उभं राहून सांगितलं, कोट न काढता. बॅग गाडीत होती. पंचावन्नाव्या वर्षी त्यानं गाव सोडलं. आईचं नाव काढत नाही, फोन करत नाही.

लेम्पीमावशी तेव्हापासून आमच्याकडे राहते. त्या घरात जाऊन तिचे कपडेही आणू दिले नाहीत तिनं. खाते-पिते, टीव्ही बघते, कुणाशी भांडत नाही.

फक्त रात्री बर्फ पडला की सकाळी तिच्या खोलीचे पडदे मला उघडू देत नाही.

मीही आग्रह करत नाही. खरं सांगायचं तर त्या सकाळी मी माझ्या खोलीचेही उघडत नाही.