हरला तो उठला

हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं, पण यातलं काहीही मी रचलेलं नाही. महेश्वरी माझी चुलत जाऊ. येरमाळ्यात हायवेला लागून त्यांचं हार्डवेअरचं दुकान, आणि मागे घर. गेल्या मार्गशीर्षातल्या त्या सोमवारी काय झालं, ते तिने स्वतः मला सांगितलंय.

आधी पिऊबद्दल सांगते.

शिवप्रिया तिचं नाव. महेश्वरीची एकुलती एक लेक. तिच्या विरेशमामाने पुण्याहून जपानी भुतांचे पत्ते आणले होते. एका पायावर उडी मारणारी छत्री, जीभ काढलेला कंदील, लांबलचक मानेची बाई, डोक्यावर पाण्याची वाटी घेतलेलं कासवासारखं काहीतरी. दोघांनी भराभर एकेक पत्ता उलटायचा. सारखी दोन भुतं दिसली की थाप मारायची. ज्याचा हात आधी, त्याचा ढीग. ज्याचे पत्ते संपले, तो हरला.

"हरला तो उठला!" पिऊ ओरडायची.

उठायची पाळी कायम आईवर. पोरगी डावखुरी आणि भलती चपळ. समोर बसायची, म्हणून तिचा हात महेश्वरीच्या उजव्या अंगाने यायचा. आईचा हात खाली येईपर्यंत ढीग पिऊच्या मांडीवर.

"मम्मी, तू लई हळू हायस. एकदा तरी जिंक की!"

ते राहूनच गेलं. दिवाळीच्या तोंडावर पिऊला ताप आला. सोलापूरला नेलं, पण घरी आणलं ते कापडात गुंडाळून.

लिंगायतांच्या रीतीने तिला शेतात बसवून पुरलं. जंगमांनी कपाळाला विभूती लावली, गळ्यातलं लिंग काढून तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटली. वर बेलाची पानं, मग माती. महेश्वरी खड्ड्याच्या काठावर उभी होती. तिने सगळं पाहिलं.

त्या सोमवारी दिवेलागणीला लाईट गेली. गौरीशंकर, तिचा नवरा, दुकानात होता. सासू शांताक्का देवापाशी. मेणबत्ती शोधताना कपाटात पत्ते हाताला लागले, आणि तिला राहवलं नाही. चटई अंथरून तिने दोन गठ्ठे केले. एक आपल्यापुढे, एक समोर. दोन्हीकडचे पत्ते तीच उलटू लागली.

छत्री... बाई... कंदील...

हायवेवरच्या गाड्यांचा आवाज थांबला.

त्या रस्त्यावर असं कधी होत नाही.

बाई... छत्री... छत्री!

सवयीने तिने थाप मारली.

आणि तिच्या हातावर... दुसरा हात पडला.

लहानसा. ओल्या मातीसारखा गार.

समोर कुणीच नव्हतं.

ती किंचाळली नाही. आधी आनंदच झाला, म्हणते. मग मात्र लक्षात आलं, हात डाव्या अंगाने आला होता. म्हणजे समोरच्याचा उजवा हात.

पिऊ उजव्या हाताने कधीच खेळली नव्हती.

मग हे कोण?

समोरचे पत्ते आता आपोआप उलटत होते. कंदिलावर कंदील आला... थाप. पुन्हा तोच गार हात. पुन्हा डावीकडून, पुन्हा उशिरा. आणि अंधारात कुणीतरी हुंदका गिळला. मामाशी हरली होती तेव्हा पिऊने अस्साच गिळला होता.

महेश्वरीला खड्डा आठवला. जंगमांनी मिटलेली ती बोटं आठवली.

डाव्या हातात लिंग होतं. लेकरू ते खाली कसं ठेवणार?

ती ढसाढसा रडली. रडता रडता तिच्या लक्षात आलं, समोरचा गठ्ठा पातळ होत चाललाय. अजून थोडे पत्ते, आणि मग... हरला तो उठला.

पुढच्या वेळी पत्ते जुळले, तेव्हा तिने हात हवेतच थांबवला.

थाप पडली.

मग समोरून, अगदी हळू... खुदकन हसू आलं.

"कुणासंगं खेळायलीस गं?" दारात शांताक्का उभ्या होत्या.

"पिऊ आलीय."

"येडी का तू? आपल्यात माणूस लिंगैक्य होतं, शिवात मिसळून जातं. परत येत न्हाय."

एवढं म्हणून त्यांनी समोर पाहिलं. चटई तिथे दबलेली होती... कुणी मांडी घालून बसावं तशी. म्हातारी उंबऱ्यातच खाली बसली.

"एकदा जिंक, महेश्वरी," त्या म्हणाल्या. "जाऊ दे लेकराला."

"जिंकले तर उठंल की ती."

यंदाच्या गुढीपाडव्याला मी त्यांच्याकडे गेले होते. संध्याकाळी लाईट गेली आणि महेश्वरीने चटई अंथरली. समोर बघायचा मला धीर झाला नाही. मी नुसती तिच्या हाताकडे बघत होते. पत्ते जुळले. तिने हात उचलला आणि तसाच धरून ठेवला.

थाप पडली नाही.

आम्ही वाट पाहिली. मग चटईच्या पलीकडून, दमलेल्या पोरीचा आवाज आला. तो मी माझ्या कानांनी ऐकलाय.

"मम्मी... एकदा तरी जिंक की..."

मी चपला न घालताच बाहेर पळाले. अंगणातून मागे वळून बघितलं, तर महेश्वरीचा हात अजून वरच होता.