टाकीवरचे तीन ठोके

हे घडलेलं आहे. ज्याच्या बाबतीत घडलं, तो माझा साडू. माणूस खोटं बोलणाऱ्यातला नाही. एकदाच बोलला, त्याचीच ही गोष्ट.

अशा गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही भर दुपारची आहे. डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेलं गवत.

आणि तरीही अंगावर काटा येतो.

जागा म्हणजे लष्कराचा इंधन डेपो. तिथल्या टाक्या जमिनीत पुरलेल्या असतात आणि वर गवताचे उंचवटे. लांबून बघणाऱ्याला बाग वाटावी. आत जाताना मोबाइल, काडेपेटी, सगळं फाटकावर काढून द्यायचं. ठिणगी पडली की संपलं.

साडू तिथे फिटर. पाइप, पंप, झडपा, सगळं त्याच्या हाताखालून जायचं. नावाने त्याला कुणी हाक मारत नाही. फिटरच म्हणतात.

त्या दुपारी एक टाकी रिकामी करून दुरुस्तीला घेतली होती. तळाचा पत्रा गंजाने खाल्ला होता. आत उतरून गंज खरवडायचा आणि पत्रा कुठे पातळ झालाय ते बघायचं, हे काम रेडिओचं.

रेडिओ म्हणजे फिटरचा जोडीदार. तोंडाला खंड नाही, म्हणून हे नाव पडलेलं.

"मास्क लाव," फिटर म्हणाला.

"हवा तपासून झालीय, दादा. मास्क लावला की बोलता येत नाही."

"म्हणूनच लाव."

"वहिनी होती तेव्हा तू एवढा कडू नव्हतास," रेडिओ बोलून गेला आणि त्याने लगेच जीभ चावली. "चुकलो रे."

फिटरची बायको जाऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. त्याने नुसती मान हलवली.

"उतर."

रेडिओ मास्क गळ्यात लोंबता ठेवून शिडीने आत उतरला. फिटर टाकीच्या तोंडाशी बसला.

हे तोंडाशी बसणं सोपं दिसतं, पण ती मोठी जबाबदारी असते. टाकीत काळोख, बोललेलं नुसतं घुमतं, शब्द कळत नाही. म्हणून ठोके ठरलेले. वरच्याने टाकीच्या गळ्यावर पितळी हातोडीने एक ठोका द्यायचा. बरा आहेस ना? आतून दोन यायचे. बरा आहे. वरून तीन गेले, तर हातातलं टाकून बाहेर यायचं. आणि आतला माणूस वर येईपर्यंत वरच्याने जागा सोडायची नाही. काहीही होवो. आतल्याच्या कमरेचा दोर, धोक्याची घंटा आणि आत ताजी हवा नेणारा कापडी नळा, या तिन्हींवर वरच्याची नजर हवी.

फिटरने हे ठोके घरीही नेले होते.

आजारात बायकोचा आवाज गेला, तेव्हा त्यानेच तिला शिकवलं. ती बोटातल्या अंगठीने पलंगाच्या लोखंडी दांडीवर एक ठोका द्यायची. आहात ना? तो स्वयंपाकघरातून ओट्यावर पळी आपटून दोन द्यायचा. आहे. कधी उत्तराला उशीर झाला, तर ती चिडून तीन द्यायची. म्हणजे आहात तिथून बाहेर या. मग दोघंही हसायचे.

तिचा एकही ठोका त्याने उत्तराशिवाय जाऊ दिला नव्हता.

मग ती दांडी गप्प झाली.

आता त्या टाकीच्या तोंडाशी बसून त्याने हातोडीचा एक ठोका दिला.

खालून दोन आले. पितळी खरवडणीचे. एवढ्या खोलातून येताना आवाज बारीक झालेला...

अगदी पलंगाच्या दांडीसारखा.

त्याने थोड्या वेळाने पुन्हा एक दिला. पुन्हा दोन आले. तिसऱ्यांदा हात उचलला, पण खाली आणवेना.

तो उठला.

पाणी पिऊन येतो, असं त्याने स्वतःलाच सांगितलं. नळ उंचवट्याच्या पलीकडे होता, हवेच्या यंत्राला लागून. यंत्र घरघरत होतं. म्हणजे आत हवा जातेय. म्हणजे सगळं ठीक आहे. एवढा मुरलेला माणूस, आणि नुसत्या आवाजावर विसंबला. नळा काही तिथून दिसत नव्हता.

त्याने नळाखाली डोकं धरलं आणि रडून घेतलं. यंत्राच्या घरघरीत कुणाला काय ऐकू जातंय?

किती वेळ, ते त्याला आजही सांगता येत नाही. पाणी प्यायला लागतो त्याहून पुष्कळ जास्त.

मग त्या घरघरीतून...

ठक्.

त्याने डोकं वर केलं. रेडिओ असेल. पण आतून नेहमी दोन येतात.

ठक्. ठक्. ठक्.

तीन! तीन ठोके फक्त वरचा माणूस देतो. मग टाकीच्या तोंडाशी कोण बसलंय?

त्याने हाताकडे पाहिलं. हातोडी त्याच्याच हातात होती. त्या टाकीवर तेवढी एकच होती.

ठक् ठक् ठक्... ठक् ठक् ठक्...

आता घाईने. चिडून.

तो धावला. उंचवट्यावर पोहोचला.

तोंडाशी कुणी नव्हतं. हवेचा कापडी नळा निसटून बाहेर पडला होता आणि गवतावर फडफडत होता. यंत्र चालू होतं, पण सगळी हवा गवताला मिळत होती.

आवाज थांबला.

आणि टाकीच्या तोंडातून एक हात वर आला.

रेडिओचा. फिटरने त्याला काखेत धरून ओढून काढलं. ओठ निळे पडलेले, डोळे अर्धवट मिटलेले. गवतावर पडून तो भडाभडा ओकला. तळाच्या पत्र्याला मारलेल्या जुन्या ठिगळाखाली मुरलेलं इंधन खरवडताना मोकळं झालं होतं आणि त्याची वाफ तळाशी साठली होती.

"बस की आता..." रेडिओ पुटपुटला. "किती ठोकशील... आलो ना."

फिटरने घंटा वाजवली. माणसं धावली, डॉक्टर आले, डेपोचे साहेब आले. साहेबांनी निसटलेला नळा बघितला, यंत्राकडे बघितलं आणि फिटरकडे वळले.

"यंत्र तर चालू होतं. हवा जात नाहीये हे तुला कळलं कसं?"

सगळे त्याच्याकडे बघत होते. खरं सांगायची वेळ तीच होती.

"अंदाज आला, साहेब."

"बघा," साहेब सगळ्यांना म्हणाले. "तोंडाशी बसावं तर असं!"

कुणी पाठ थोपटली, कुणी हात हातात घेतला. जमिनीने पोटात घेतलं तर बरं, असं त्याला वाटलं. शेजारी टाकीचं तोंड उघडंच होतं.

संध्याकाळी दवाखान्यातून घरी जाताना रेडिओ आणि त्याची बायको फिटरच्या दाराशी थांबले. ती बिचारी रडून रडून सुजली होती.

"भाऊजी, तुमचे उपकार कसे फेडू? आज माझं घर बसलं असतं."

"मी काही केलं नाही."

"असंच म्हणणार तुम्ही. हे सांगतच होते, दादाला कौतुक सोसत नाही."

फिटरला तिच्या तोंडाकडे बघवेना. रेडिओने तिला हळूच म्हटलं, "तू हो पुढे, मी आलोच." ती जिना उतरेपर्यंत तो थांबला.

"दादा, एक विचारू? ठोके कशाने देत होतास?"

"का?"

"तुझी हातोडी धप्प वाजते. हे बारीक होतं. आणि राग केवढा! पहिले तीन मी ऐकून सोडून दिले. झोप येत होती रे, छान. आडवाच झालो. मग तू माझ्या डोक्याशी ठोकायला लागलास."

"डोक्याशी?"

"तळाच्या पत्र्यावर. कानाला लागून. मी हात मारला, तर तिथे कुणी नाही. मग ठोके शिडीच्या खालच्या पायरीवर आले. मग तिच्या वरच्या. मी आपला आवाजामागे चढत गेलो. घुमत असेल म्हणा टाकीत, नाही?"

फिटर उंबऱ्यावर बसला. मग त्याने सगळं सांगितलं. नळ, हातोडी, रडणं. मान वर न करता.

रेडिओ गप्प झाला. आयुष्यात पहिल्यांदा असेल.

तो फिटरच्या खांद्यावरून आत बघत होता. आतल्या खोलीत पलंग तसाच होता. गादी गुंडाळलेली, दांडी उघडी.

"वहिनी?" त्याने हळूच विचारलं.

फिटरने वळून दांडीकडे पाहिलं.

"साहेबांना सांगणार आहेस?"

"उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी तो साहेबांच्या केबिनबाहेर जाऊन उभा राहिला. साहेब पाहुण्यांना घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "हाच तो, मी सांगत होतो ना!" पाहुण्यांनी हात पुढे केला. फिटरने तो हातात घेतला.

झालं. शब्द पोटातच राहिले. ते अजून तिथेच आहेत. मला सांगितलं तेव्हाही तो माझ्याकडे बघत नव्हता.

टाकीचं काम पुन्हा सुरू झालं. तोंडाशी फिटरच, साहेबांचा तसा हुकूमच होता. रेडिओ या वेळी मास्क नीट बांधून आला.

"भीती वाटत नाही ना?" फिटरने विचारलं.

"कसली भीती?" रेडिओ हसला. "वर वहिनी आहे."

त्याने चेष्टाच केली. पण ते शब्द फिटरच्या काळजात जाऊन बसले. वर तू आहेस, असं तो म्हणाला नाही.

रेडिओ उतरला. फिटर हलला नाही. तहान लागली तरी नाही. दोर, घंटा, नळा. दोर, घंटा, नळा. थोड्या वेळाने त्याने पहिल्या ठोक्यासाठी हातोडी उचलली.

ती टाकीला लागायच्या आधीच...

ठक्.

खालून दोन आले.

त्याचा हात वरच होता. हातोडी हवेत.

त्याने शेजारी बघितलं. गवत. ऊन. कुणी नाही.

दुसऱ्या वेळी त्याने घाई केली. तरी ठोका त्याच्या आधी पडला. तिसऱ्या वेळीही.

"अगं, मी बसलोय," तो कुजबुजला. "इथेच आहे. कुठे जात नाही."

उत्तर नाही. पण वेळ झाल्यावर पुन्हा...

ठक्.

तेव्हापासून हे असंच आहे. टाकी कुठलीही असो. मी त्याला म्हटलं, अरे, सोबत आहे तिची, बरं वाटून घे. ज्याचं माणूस गेलंय, त्याला दुसरं काय म्हणणार?

तो म्हणाला, "सोबतीला नाही थांबलेली ती. तिचा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही."

 

पितळी हातोडी तो रोज कामावर घेऊन जातो. त्याला ती एकदाही वाजवावी लागलेली नाही.